काट्यातून अठरा होल्स

ॲरिझोनातल्या एखाद्या गोल्फरच्या बॅगेत डोकावलात तर ड्रायव्हर, आयर्न्स, पटर, डझनभर जादा बॉल आणि सनस्क्रीनची ट्यूब हे सगळं सापडेलच. पण बाजूच्या कप्प्यात एक साधा प्लॅस्टिकचा कंगवाही सापडेल. तो केसांसाठी नाही. ‘चोया’ नावाचं एक निवडुंग तिकडे पावलापावलावर असतं. त्याचे काटेरी गोळे जरासा धक्का लागला तरी झाडापासून सुटतात आणि बुटाला, पँटला, पोटरीला चिकटतात. इतक्या पटकन, की तिथले लोक त्याला ‘जंपिंग चोया’च म्हणतात. हातानं काढायला गेलात की पोटरीतला गोळा बोटांत! मग करायचं काय, तर कंगव्याचे दात गोळ्याखाली सरकवायचे आणि एका झटक्यात तो लांब उडवायचा. पुढचा शॉट खेळायला मोकळे.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो हिरवा गालिचा. चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब, पुण्यात येरवड्याचा कोर्स, गेला बाजार खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोनं केलेला कोर्स. चेंडू चुकला तर फार तर झाडाखाली जातो, रफमध्ये जातो, तळ्यात जातो. फिनिक्सला लागून असलेल्या स्कॉट्सडेलमध्ये मात्र चेंडू चुकला की तो थेट सोनोरन वाळवंटात जातो. आणि हे वाळवंट म्हणजे सिनेमातले वाळूचे डोंगर नव्हेत. कडक तांबूस जमीन, खडी, दगड, पालो वेर्दे नावाची हिरव्या खोडाची झाडं, आणि हात वर करून उभे असलेले तीन-चार पुरुष उंचीचे सग्वारो. ज्या निवडुंगाचं चित्र लहानपणी प्रत्येक काउबॉय कॉमिकमध्ये पाहिलं, तो हा सग्वारो. इथे तो फेअरवेच्या कडेला उभा असतो, आणि टीच्या जवळच्या म्हाताऱ्या सग्वारोंच्या अंगावर दोन प्रकारची भोकं दिसतात. काही सुतारपक्ष्यानं केलेली, काही गोल्फ बॉलनं. एखाद्या भोकात बॉल अजून रुतलेलाही असतो.

पाच एकरांची चैन

हे असं का, याचं उत्तर डिझायनरच्या डोक्यात कमी आणि सरकारी कागदात जास्त आहे. फिनिक्सच्या आसपासचा भूभाग वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी उपसत होता. १९८० साली ॲरिझोनानं भूजल कायदा केला. त्यातून पुढे आलेल्या नियमांनी नव्या गोल्फ कोर्सच्या पाण्याला कोटा लावला. हिशोब असा, की एका होलमागे साधारण ५ एकर, म्हणजे अठरा होल्सना मिळून ९० एकर गवत जगेल एवढंच पाणी. जुन्या पद्धतीच्या कोर्सवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं गवतच असतं. इथे ते परवडणारं नव्हतं. मग डिझायनर लोकांनी काय केलं? टीवर थोडं गवत, मध्ये वाळवंट तसंच सोडलेलं, मग फेअरवेचा एक पट्टा, पुन्हा वाळवंट, मग ग्रीन. बॉल एका हिरव्या बेटावरून दुसऱ्या हिरव्या बेटावर मारत जायचं. याला नाव पडलं ‘टार्गेट गोल्फ’.

या प्रकाराची अमेरिकेला खरी ओळख झाली ती टीव्हीवर. जॅक निकलसनं डिझाइन केलेला डेझर्ट हायलँड्स हा कोर्स १९८३ साली तयार झाला आणि त्याच वर्षी तिथे पहिली ‘स्किन्स गेम’ भरली. खेळायला स्वतः निकलस, आर्नल्ड पामर, टॉम वॉटसन आणि गॅरी प्लेअर. म्हणजे आपल्याकडे गावसकर, कपिल, विश्वनाथ आणि बेदी यांनी रविवारी एकमेकांविरुद्ध पैसे लावून सामना खेळावा तसं. जिंकला प्लेअर, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कोर्स. खडकांच्या मधून चेंडू उडतोय आणि पलीकडे हिरव्या चादरीच्या तुकड्यावर पडतोय, हे दृश्य तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

वाळवंटात गोल्फ दुबईतही आहेच की, असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. आहे. एमिरेट्स गोल्फ क्लबचा मजलिस कोर्स १९८८ साली सुरू झाला, आखाती भागातला तो पहिला पूर्ण गवताचा कोर्स. त्याच्या आधी तिथली मंडळी वाळूवरच खेळायची. पायाखाली गवताचा खोटा तुकडा घेऊन फिरायचं आणि ग्रीनच्या जागी तेल घातलेल्या वाळूचे ‘ब्राऊन्स’. असे ब्राऊन्स आपल्याकडच्या लष्करी छावण्यांच्या कोर्सवरही असायचे. पण दुबईची भानगड वेगळी. तिथे वाळवंट झाकून टाकण्यात श्रीमंती आहे. ॲरिझोनात वाळवंट उघडं ठेवावं लागलं, आणि माझ्या मते खेळ तिथेच जास्त रंगला.

रंगला कसा, ते टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. समोर पहिल्यांदा फेअरवे दिसतच नाही. दिसतो तो शंभर-दीडशे यार्डांचा काट्यांचा पट्टा. त्याच्या पलीकडे, दूरवर, एक हिरवी रेघ. इतर ठिकाणी वाईट शॉट म्हणजे कमी लांबीचा शॉट. जमिनीवरून घरंगळत का होईना, बॉल पुढे जातो. इथे घरंगळण्याला काही अर्थ नाही, चेंडू हवेतून पलीकडे गेलाच पाहिजे. त्यात वाळवंटातली हवा इतकी स्वच्छ, की लांबचा डोंगर हाताशी आल्यासारखा वाटतो आणि अंतराचा अंदाज हमखास फसतो. ग्रीनवर वेगळीच गंमत. डोळ्यांना चढ दिसतो तिथे उतार असतो. तिथल्या खेळाडूंचा एक फंडा आहे : पिनॅकल पीक नावाचा डोंगर कुठे आहे ते बघायचं आणि पुट त्याच्यापासून लांब, खाली शहराच्या बाजूला वळणार असं धरून चालायचं. ऐकायला अंधश्रद्धा वाटते. पण सगळी जमीनच त्या बाजूला उतरती आहे, त्यामुळे ती बहुतेक वेळा खरी निघते.

साप चालेल, काटा नाही

समजा, बॉल काट्यांत गेलाच. आता?

पहिली गोष्ट, शोधायला ३ मिनिटं. २०१९ साली गोल्फचे नियम बदलले त्याआधी ती ५ होती. दुसरी, झुडपात हात घालायचा नाही. रॅटलस्नेक हा तिथला कायमचा रहिवासी आहे आणि उन्हाळ्यात त्यालाही सावली हवी असते. बॉल दिसला आणि शेजारी साप असला तर गोल्फचे नियम चक्क दयाळू आहेत. धोकादायक प्राण्याजवळ चेंडू असेल तर पेनल्टी न घेता तो सुरक्षित जागी टाकता येतो. पण बॉल निवडुंगाच्या काट्यांत अडकला असेल तर? तिथे दया संपली. वनस्पतीपासून फुकट सुटका नाही, असं नियमातच लिहिलंय. एक शॉटचा दंड भरा आणि तीनपैकी एक रस्ता निवडा : मूळ जागी जाऊन पुन्हा मारा, होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे जा, किंवा दोन क्लबांच्या अंतरात बाजूला टाका. शेवटच्या पर्यायात गोम अशी, की दोन क्लब बाजूलाही बहुतेक वेळा निवडुंगच असतं!

आणि ज्यांना दंड न भरता काट्यात उभं राहून मारायचंय, त्यांच्यासाठीही नियम आहे. टॉवेल स्वतःच्या पायाला गुंडाळलात तर चालतं. तोच टॉवेल निवडुंगावर टाकून त्याला टेकून उभं राहिलात तर चालत नाही, कारण मग तुम्ही उभं राहायची जागा सुधारलीत. हा नियम ज्यानं पहिल्यांदा लिहिला त्याच्यासमोर नक्कीच कुणीतरी टॉवेल घेऊन उभं असणार.

आता अनेक कोर्स वाळवंटाला सरळ तळ्यासारखं मानतात. लाल खुंट्या मारलेल्या असतात. बॉल त्या रेषेपलीकडे गेला की एक दंड, आणि जिथून तो आत शिरला तिथे दोन क्लबांच्या अंतरात नवा चेंडू. खेळ पटापट पुढे सरकतो. तरीही काही हौशी मंडळी बॅगेत एक जुनी, ओरखडे पडलेली आयर्न बाळगतात. दगडांमधून मारायचं झालं तर नव्या कोऱ्या क्लबचा बळी नको म्हणून.

माझा मावसभाऊ फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये एका चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. मूळचा डोंबिवलीचा, हाडाचा क्रिकेटवाला. पंधरा वर्षांपूर्वी तिकडे गेला तेव्हा गोल्फला ‘म्हाताऱ्यांची विटीदांडू’ म्हणायचा. “मग ऑफिसात लक्षात आलं,” तो मला सांगत होता, “सोमवारी सकाळी सगळे ज्यावर बोलतात त्यात आपल्याला काही बोलताच येत नाही. मीटिंगच्या आधीची ती पाच मिनिटं नुसतं हसत बसायचो.” एका म्युनिसिपल कोर्सवर शिकला. आता उन्हाळ्यातल्या दर रविवारी पहाटे साडेपाचचा टी-टाइम असतो आणि वहिनींना वाटतं, हा इतक्या लवकर उठून लोकलनं ऑफिसला तरी कधी गेला होता का!

पहाटे साडेपाच, कारण त्यानंतर जीव राहत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. अशा दिवसांत नऊ-दहा वाजेपर्यंत अठरा होल्स संपवून घरी पोचायचं, पडदे ओढायचे, एसी लावायचा. मी त्याच्या कार्टमध्ये नुसती बसून होते. पहिल्या उन्हात सग्वारोंच्या सावल्या फेअरवेवर आडव्या पडलेल्या, लांबून कोल्ह्यासारखं काहीतरी पळत गेलं. कायोटी होता. सातव्या होलवर दादाचा चेंडू उजवीकडे वळला, एका सग्वारोला लागला आणि टणकन आवाज करून फेअरवेवर परत आला. “हे बघ, दोनशे वर्षांचं झाड आपल्या बाजूनं आहे,” तो म्हणाला. लगेच पुढचा बॉल चोयात गेला, त्यावर मात्र तो काही बोलला नाही.

दोनशे वर्षं ही अतिशयोक्ती नाही बरं का. सग्वारो दीडशे ते दोनशे वर्षं जगतो. पहिला ‘हात’ फुटायलाच त्याला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. ॲरिझोनात त्याला कायद्याचं संरक्षण आहे, मनात आलं म्हणून तोडता येत नाही. त्यामुळे नवा कोर्स आखताना आधी झाडांची मोजदाद होते. जी मधे येतात ती मुळांसकट काढून लाकडी खोक्यांत ठेवतात आणि कोर्स झाला की पुन्हा लावतात. आपल्याकडे रस्तारुंदीत वडाचं ‘पुनर्रोपण’ होतं आणि नंतर काय होतं ते आपण बघतोच. इथे निदान झाड डोळ्यांसमोर उभं दिसतं.

सोळाव्यावर बोंबाबोंब

आता त्या कोर्सकडे, ज्यामुळे स्कॉट्सडेल जगभरच्या टीव्हीवर दिसतं. टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स. टॉम वायस्कॉफ आणि जे मॉरिश यांनी केलेला, १९८६ साली सुरू झालेला, पार ७१. फिनिक्स ओपन १९८७ पासून इथेच खेळली जाते. काटेकोर अर्थानं बघितलं तर हा टार्गेट गोल्फचा कोर्स नाही, गवत इथे जरा सढळ हातानं आहे. पण फेअरवे सोडला की तेच वाळवंट. आणि मुख्य म्हणजे हा शहराचा पब्लिक कोर्स आहे. टायगर वुड्स जिथे खेळला तिथे पैसे भरून तुम्हीही खेळू शकता. वानखेडेच्या पिचवर आपल्याला असं कुणी सोडेल का?

पहिले बारा होल्स मी पटकन पुढे ढकलते. ते चांगले आहेत, पण गप्पांमध्ये कुणी त्यांच्याबद्दल बोलत नाही. गोष्टी सुरू होतात तेराव्यापासून. पार ५, मध्ये वाळवंटाचा पट्टा आणि त्यानं दुभंगलेला फेअरवे. १९९९ च्या शेवटच्या दिवशी टायगरचा टी-शॉट डावीकडे वाळवंटात गेला आणि एका भल्यामोठ्या धोंड्याच्या मागे थांबला. एकट्यादुकट्याला हलणार नाही असा धोंडा. आता गोल्फच्या नियमांत सुटा दगड बाजूला करायला परवानगी आहे. पण ‘सुटा’ म्हणजे केवढा? रेफरीनं बघितलं, तो जमिनीत पक्का रुतलेला नव्हता. मग आकाराचा प्रश्नच नाही. गर्दीतले डझनभर लोक पुढे आले, सगळ्यांनी मिळून खांदा लावला आणि धोंडा ढकलून दिला. टायगरनं मोकळ्या जागेतून शॉट मारला आणि त्या होलवर बर्डी केली. स्पर्धा रॉको मीडिएट जिंकला, पण धोंड्याची गोष्ट राहिली टायगरच्या नावावर. मला विचाराल तर नियम बरोबर होता आणि तरीही हे चीटिंगच वाटतं. तुमच्या-माझ्यासाठी धोंडा ढकलायला बारा जण कुठून येणार?

पंधरावा होल ५५३ यार्डांचा पार ५, ग्रीन पाण्यानं वेढलेलं. दुसऱ्या शॉटमध्ये धाडस करायचं की नाही, एवढाच प्रश्न. आणि मग सोळावा.

कागदावर सोळावा होल काहीच नाही. १६३ यार्ड, म्हणजे जेमतेम दीडशे मीटर. पार ३. प्रोफेशनल खेळाडूला एक छोटी आयर्न किंवा वेज पुरते. पण स्पर्धेच्या आठवड्यात या होलला चारी बाजूंनी स्टेडियम बांधतात. तीन मजली, सोळा-वीस हजार माणसं बसतील असं. दरवर्षी काही महिने आधी सांगाडा उभा राहायला लागतो. पहाटे अंधारात गेटवर रांगा लागतात आणि दार उघडलं की चांगली जागा पकडायला लोक अक्षरशः धावत सुटतात. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी होते तशीच धावाधाव. गोल्फमध्ये खेळाडू शॉट मारताना टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शिस्त. इथे बॉल ग्रीनवर पडला नाही तर हजारो लोक ‘बूऽऽ’ करतात. पूर्वी तर खेळाडूंच्या कॅडींनी टीपासून ग्रीनपर्यंत पळायचं आणि प्रेक्षकांनी कोण पहिला येतो यावर पैजा लावायच्या, असंही चालायचं. ते २०१३ साली बंद केलं.

१९९७ च्या शनिवारी इथे २१ वर्षांच्या टायगरनं नाइन-आयर्ननं होल-इन-वन मारला. बॉल दिसेनासा झाला आणि आकाशातून बिअरच्या ग्लासांचा पाऊस पडला. पुढे २०२२ मध्ये सॅम रायडरनं शनिवारी आणि कार्लोस ऑर्टिझनं रविवारी, लागोपाठ दोन दिवस तोच पराक्रम केला. तेव्हाही ग्रीनवर इतके कॅन आणि ग्लास येऊन पडले, की खेळ थांबवून झाडू मारावा लागला. गंमत म्हणजे या स्पर्धेची स्पॉन्सर कंपनी कचरा उचलण्याच्या धंद्यातलीच आहे! २०१८ साली आठवडाभरात ७ लाख १९ हजार प्रेक्षक आल्याचं जाहीर झालं, एकट्या शनिवारी २ लाख १६ हजार. त्यानंतर आयोजकांनी आकडे सांगणंच सोडून दिलं. २०२४ च्या शनिवारी गर्दी अशी हाताबाहेर गेली, की गेट बंद करावी लागली आणि दारूची विक्रीही थांबवली.

पण या सगळ्या गोंगाटानंतर येणारा सतरावा होल मला जास्त क्रूर वाटतो. ३३२ यार्डांचा पार ४, म्हणजे लांब मारणाऱ्याला पहिल्याच शॉटमध्ये ग्रीन गाठता येईल एवढा. २००१ साली अँड्र्यू मॅगीनं ते करून दाखवलं, आणि कसं! पुढची तुकडी अजून ग्रीनवरच होती. मॅगीचा बॉल घरंगळत आला, टॉम बायरमच्या पटरला लागला आणि सरळ होलमध्ये. पीजीए टूरवर पार ४ ला झालेला तो पहिला होल-इन-वन.

ग्रीनच्या डाव्या अंगाला आणि मागे पाणी आहे. २०२२ साली त्याच पाण्यानं साहित तेगलाचा घास घेतला. साहित कॅलिफोर्नियात वाढलेला, आईवडील मूळ हैदराबादकडचे. टूरवरचं पहिलंच वर्ष, या स्पर्धेत प्रवेशसुद्धा आयोजकांच्या मेहरबानीनं मिळालेला. आणि हा पोरगा शनिवार संपला तेव्हा सगळ्यांच्या पुढे! रविवारी सतराव्यावर तो बरोबरीत होता. ड्रायव्हर काढला. शॉट चांगला होता. बॉल ग्रीनच्या दिशेनं गेला, टप्पा पडला, डावीकडे उसळला आणि पळत पळत पाण्यात. बोगी. एका शॉटनं प्लेऑफ हुकला, स्पर्धा स्कॉटी शेफलर जिंकला. त्यानंतर आईवडिलांच्या गळ्यात पडून रडणारा साहित ज्यांनी पाहिला, त्यांना गोल्फ कळत असो वा नसो, घशात काहीतरी अडकलंच. आयआयटीत एका मार्कानं राहिलेला मुलगा आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत असतो. फरक एवढाच, की त्याचा निकाल टीव्हीवर लाइव्ह लागत नाही. साहितला पहिली टूर स्पर्धा जिंकायला सप्टेंबर २०२३ उजाडला.

पण पाणी?

हे सगळं वाचताना मराठवाड्यातल्या वाचकाच्या मनात एकच प्रश्न आला असेल. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई हायकोर्टानं आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते, ते आपण विसरलेलो नाही. मग वाळवंटात गोल्फ कशाला?

गोल्फवाल्यांचा हिशोब असा : ॲरिझोनाच्या एकूण पाण्यातलं गोल्फला जातं २ टक्क्यांच्या आसपास, शेतीला सत्तर टक्क्यांहून जास्त. शिवाय उत्तर स्कॉट्सडेलच्या अनेक कोर्सना सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं, पिण्याचं नाही. हा मुद्दा खरा आहे. ऊस आणि स्विमिंग पूल यांची तुलना आपल्याकडेही अशीच होते. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. फिनिक्सला कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यात जवळपास १८ टक्के कपात झाली. त्याची पहिली झळ बसली शेतकऱ्यांना. मग १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलनं शहराबाहेरच्या रिओ व्हेर्दे फूटहिल्स या वस्तीला जाणारे टँकर बंद केले. शेकडो घरं कोरडी. चांगली बंगलेवाली माणसं पेपर प्लेटमध्ये जेवायला लागली, पावसाचं पाणी फ्लशसाठी साठवायला लागली. शेवटी राज्याला कायदा करून तोडगा काढावा लागला. त्या वस्तीपासून गाडीनं थोड्याच अंतरावर हिरवेगार फेअरवे होते.

मला ९० एकरांचा नियम पटतो. पटत नाही ती हिवाळ्याची हिरवाई. थंडीत तिथलं बर्म्युडा गवत झोपी जातं, पिवळं पडतं. खेळायला ते उत्तम असतं. पण बर्फातून पळून आलेल्या टुरिस्टला हिरवंच हवं असतं, म्हणून ऑक्टोबरच्या सुमाराला कोर्स काही आठवडे बंद ठेवून वर राय गवताचं बी पेरतात आणि ते उगवेपर्यंत रोज पाणी पाजतात. केवळ फोटोसाठी! बाकी वाळवंटाला स्वतःची मतं आहेतच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेडोनाच्या एका कोर्सवर हाव्हेलिना नावाचे रानडुकरासारखे प्राणी रात्री येऊन गवत अक्षरशः नांगरून गेले, खालच्या अळ्या खायला. व्हिडिओ जगभर फिरला आणि बहुतेक लोक डुकरांच्या बाजूनं होते.

ऑनसाइटवर फिनिक्सला गेलात आणि खेळावंसं वाटलं तर एवढं करा. जानेवारी ते एप्रिल हवा स्वर्ग, पण स्टेडियम कोर्सची फी शेकडो डॉलरमध्ये. जून ते ऑगस्ट तीच फी कोसळते. म्युनिसिपल कोर्स बाराही महिने खिशाला परवडतात आणि तिथे क्लब भाड्यानं मिळतात. पुढच्या टीवरून खेळा, काट्यांचा पट्टा निम्मा होतो आणि कुणी हसत नाही. जुने बॉल न्या, निदान डझनभर. सोळाव्यावर जायचं तर हिवाळ्यातला स्पर्धेच्या आधीचा एखादा आडवार गाठा, स्टँड बांधून होत आलेले असतात आणि खुर्च्या रिकाम्या. उन्हाळ्यात तिथे काहीच नसतं. एक टी, एक ग्रीन, काही बंकर, आणि स्प्रिंकलरचा आवाज.